फोनवरची गोष्ट दाराबाहेर ठेवा

पोलीस दलांचे प्रमुख, नियंत्रण कक्षांचे अधिकारी आणि फोन आल्यावर सर्वांत आधी घटनास्थळी पोहोचणारे पोलीस यांस,

सादर नमस्कार.

२८ डिसेंबर २०१७ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात एक फोन आला. मी वडिलांना गोळी घातली आहे, घरातल्या बाकीच्यांना बंदुकीच्या धाकावर कोंडलं आहे आणि घरभर पेट्रोल ओतलं आहे, असं बोलणारा सांगत होता. त्याने पत्ताही दिला. पोलिसांनी त्या घराला वेढा घातला. बाहेर काय चाललंय ते पाहायला २८ वर्षांच्या एका माणसाने दार उघडलं. काही सेकंदांतच रस्त्यापलीकडून एका अधिकाऱ्याने झाडलेली गोळी त्याला लागली आणि तो गेला. त्याच्या हातात काही नव्हतं. घरात कुणाचा खून झालेला नव्हता, कुणी ओलीस नव्हतं. फोन करणारा लॉस एंजेलिसमध्ये बसलेला होता. ऑनलाइन खेळावरून दुसऱ्याच दोघांचं वाजलं होतं, त्यातल्या एकाने आपला म्हणून एक जुना पत्ता पुढे केला होता आणि दुसऱ्याने तिथे पोलीस धाडायला या माणसाला सांगितलं होतं. ज्याचा जीव गेला त्याचा त्या खेळाशी काडीचाही संबंध नव्हता.

फोन करणाऱ्याला २०१९ मध्ये २० वर्षांची कैद झाली. गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्यावर फौजदारी खटला भरला गेला नाही. शहराने २०२३ मध्ये कुटुंबाशी ५० लाख डॉलरला तडजोड केली.

या प्रकरणाबद्दल बोलताना बहुतेक जण फोन करणाऱ्याला शिव्या देऊन थांबतात. शिव्या त्याला पोहोचल्याच पाहिजेत. पण मला तुमच्याशी बोलायचंय ते फोन ठेवल्यानंतर आणि गोळी सुटण्याआधी जे घडलं त्याबद्दल, कारण तेवढा भाग पूर्णपणे पोलिसांच्या हातातला होता. असा फोन करणाऱ्याकडे स्वतःचं हत्यार नसतं. तो दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो, आणि तो खांदा तुमचा असतो. त्याचा डाव साधायला एकच गोष्ट लागते: त्याने रचलेली कथा नियंत्रण कक्षातून, वायरलेसवरून, गाडीतून, थेट त्या दारापर्यंत जशीच्या तशी पोहोचली पाहिजे. वाटेत कुठेही कुणी तिला ‘खरंच का?’ असं विचारलं, तर डाव तिथेच फसतो.

मी अनेक वर्षं आपत्कालीन फोन घेण्याचं काम केलं. कुठे केलं याला महत्त्व नाही, हे काम सगळीकडे सारखंच असतं. कानाला हेडफोन, समोर भरायचा फॉर्म, मागे पर्यवेक्षक, आणि दर मिनिटाला कुणाच्या ना कुणाच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण. म्हणून आधीच सांगतो: खोट्या फोनवर उपाय म्हणून ‘संशय आला तर जाऊ नका’ असं मी कधीच म्हणणार नाही. असा सल्ला देणाऱ्याने या खुर्चीत एक रात्र बसून पाहावं.

खरी माणसं फोनवर खऱ्यासारखी वाटतातच असं नाही. जिच्या नवऱ्याने नुकताच तिचा गळा आवळलाय अशी बाई विलक्षण शांत आवाजात बोलते. लहान मूल ‘आई झोपलीय, उठतच नाही’ एवढंच सांगून भलत्याच विषयाकडे वळतं. ज्याच्या शेजारी हल्लेखोर उभा आहे तो मैत्रिणीशी बोलल्यासारखा बोलतो. काही जण तर बोलतच नाहीत. ब्रिटनमध्ये ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर मोबाइलवरून फोन लावलेल्या माणसाला बोलता येत नसेल, तर त्याला ५५ दाबायला सांगतात, म्हणजे फोन पोलिसांकडे जातो. आवाज न करता मदत मागायची सोय मुद्दाम ठेवावी लागते, यावरूनच कळतं की आवाज, सूर, रडणं यांवरून खरं-खोटं ठरवता येत नाही.

आणि खोट्या फोनचा सगळ्यात मोठा बळी मला नेहमी इथेच दिसला आहे. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावंसं वाटतं. आठवड्यात चार वेळा फसवलं गेलेलं पथक पाचव्या वेळी सावकाश निघतं. फोन घेणारी मुलगी पत्ता लिहिण्याआधीच ‘मस्करी करताय का?’ असं विचारते. पलीकडची बाई मग फोन ठेवून देते आणि पुन्हा करत नाही. तिची नोंद कुठल्याही आकडेवारीत येत नाही, कारण तिचा फोन ‘खोटा’ म्हणून बंद झालेला असतो.

तेव्हा जायचं, प्रत्येक वेळी जायचं. संशयाने ठरवायचं ते इतकंच, की जायचं कसं.

सुरुवात नियंत्रण कक्षापासून करू. फोनवरचा माणूस म्हणतो, ‘मी वडिलांना गोळी घातली.’ फोन घेणारा फॉर्ममध्ये लिहितो, ‘कॉलर सांगतो की त्याने वडिलांना गोळी घातली.’ वायरलेसवर ते होतं, ‘गोळीबार, एक मृत, संशयित सशस्त्र.’ गाडीतला पोलीस शेजारच्याला सांगतो, ‘आत बंदूकवाला आहे.’ चार टप्प्यांत ‘कॉलर सांगतो’ हे दोन शब्द गळून पडतात आणि एका अनोळखी माणसाचं विधान पोलिसांना ठाऊक असलेलं सत्य होऊन बसतं. यात कुणी हलगर्जीपणा केलेला नसतो. वायरलेसवर कमी शब्दांत बोलायचं असतं, घाई असते. पण जे दोन शब्द गळतात तेच सगळ्यात महत्त्वाचे असतात. माझी तुमच्याकडे पहिली मागणी हीच आहे: ते दोन शब्द शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचलेच पाहिजेत, असा लेखी नियम करा. ‘एकाच फोनवरून मिळालेली माहिती, दुजोरा नाही’ असं वायरलेसवर म्हणायला फार तर तीन सेकंद लागतात. दुसऱ्या कुणाचा फोन आला, शेजाऱ्याने आवाज ऐकला, असं काही कळलं, तर तेही त्याच क्षणी पुढे कळवावं. गाडीतल्या माणसाला निर्णय घ्यायचा असतो. त्याला काय कळलंय याच्याइतकंच ते कुणाकडून कळलंय हेही त्याला माहीत हवं.

फोन कुठल्या वाटेने आला याकडेही पुरेसं लक्ष दिलं जात नाही. अमेरिकेत ९११ लावलं की फोन साधारणपणे करणाऱ्याच्या जवळच्या केंद्रात जातो. त्यामुळे दूरच्या शहरात पोलीस पाठवू पाहणाऱ्याला तिथला आपत्कालीन क्रमांक सरळ लावून उपयोग होत नाही. तो तिथल्या ठाण्याचा किंवा सरकारी कार्यालयाचा साधा क्रमांक शोधतो. विचिटामध्ये हेच झालं. फोन आधी नगर कार्यालयाच्या सुरक्षा कक्षात आला आणि तिथून ९११ कडे वळवला गेला. ज्याच्या पायाशी प्रेत पडलंय तो माणूस सगळ्यांना तोंडपाठ असलेला तीन आकडी क्रमांक सोडून कार्यालयाचा लांबलचक क्रमांक कशाला शोधेल? कधीकधी शोधेलही, माणसं गडबडीत काय वाटेल ते करतात. पण हा प्रश्न कक्षात कुणीतरी मोठ्याने विचारायला हवा आणि त्याचं उत्तर गाडीपर्यंत जायला हवं.

स्क्रीनवर दिसणाऱ्या क्रमांकावर तर अजिबात विसंबू नये. इंटरनेटवरून केलेल्या फोनला दुसऱ्याचा क्रमांक चिकटवता येतो, आवाज बदलता येतो, आणि आता यंत्राने तयार केलेला आवाजही वापरला जातो. ज्या देशांत मोबाइल स्वतःच आपलं ठिकाण आपत्कालीन केंद्राला कळवतो, तिथे ती माहिती सांगितलेल्या पत्त्याशी ताडून पाहायला काही क्षण पुरतात. जुळली नाही म्हणजे फोन खोटाच, असं नव्हे. मुलगा दुसऱ्या गावातून आईच्या घरी मदत पाठवा म्हणून फोन करू शकतो. पण ‘मी या घरात बंदूक घेऊन उभा आहे’ म्हणणाऱ्याचा फोनच त्या घरात नसेल, तर तेही गाडीतल्या माणसाला कळायला हवं.

प्रश्न विचारण्याबद्दलही सांगतो. रचलेल्या कथेत बंदूक असते, रक्त असतं, धमकी असते. घर मात्र नसतं. जिना कुठल्या बाजूला आहे, तुम्ही उभे आहात तिथल्या खिडकीतून काय दिसतं, दार आत उघडतं की बाहेर, समोर कुठली गाडी उभी आहे, हे त्याने पाठ केलेलं नसतं. खरा माणूस अशा प्रश्नांवर चिडतो, ओरडतो, पण उत्तर देतो, कारण ते त्याच्या डोळ्यांसमोर असतं. खोटा माणूस पुन्हा बंदुकीकडे वळतो. दोघांतला फरक ऐकून ऐकूनच कळायला लागतो, आणि म्हणून फोन घेणाऱ्यांना वर्षातून एकदा व्याख्यान देऊन भागत नाही. त्यांना जुन्या खोट्या फोनची ध्वनिमुद्रणं ऐकवा, खऱ्यांचीही ऐकवा, आणि कुठला कुठला हे त्यांनाच ओळखू द्या. त्यांचं चुकेल, पुष्कळदा चुकेल. ते चुकणं प्रशिक्षणाच्या खोलीत झालेलं बरं.

पथक वाटेत असताना कक्षाने त्या घरीच फोन करून पाहावा. शेजारी फोन करावा. त्या पत्त्यावरून आधी काही तक्रारी आल्या आहेत का, पूर्वी असाच खोटा फोन आला होता का, ते पाहावं. या सगळ्याला गाडी थांबवावी लागत नाही.

आता दाराबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माणसं मरतात ती इथे.

तुम्ही जेव्हा एखाद्या घराला वेढा घालता, तेव्हा तुमच्या डोक्यात एक पूर्ण गोष्ट असते. आतल्या माणसाच्या डोक्यात काहीच नसतं. तो टीव्ही पाहत असतो, मुलाला झोपवत असतो. अचानक खिडकीवर दिव्यांचे झोत पडतात. तो दार उघडतो. समोर काहीही दिसत नाही, नुसता पांढरा उजेड. तीन-चार दिशांनी माणसं ओरडत असतात: हात वर कर, हलू नको, पुढे ये, खाली बस. यातलं कुठलं ऐकायचं? हे त्याला उद्देशून आहे हेसुद्धा पहिले काही क्षण त्याच्या लक्षात येत नाही. त्याला वाटतं, पलीकडच्या घरी काहीतरी झालंय. झोत डोळ्यांवर आला की प्रत्येक माणूस जे करतो तेच तो करतो. डोळ्यांवर हात धरायला हात उचलतो, किंवा दचकून वर केलेला हात खाली आणतो. ज्याच्या मनात आधीच ‘आत बंदूकवाला आहे’ हे बसलेलं आहे, त्याला तो हात कमरेकडे गेलेला दिसतो.

विचिटाचा तो माणूस दारात आल्यापासून गोळी लागेपर्यंत जेमतेम दहा सेकंद गेली. त्या दहा सेकंदांत त्याने नेमकं काय केलं यावर पुढे बरीच चर्चा झाली. माझ्या मते ती चर्चाच चुकीच्या माणसाबद्दल होती. आपल्याच घराच्या दारात उभ्या असलेल्या, काहीही न केलेल्या माणसाने आपले हात कसे हलवावेत याची परीक्षा घेणारे आपण कोण?

म्हणून मागणी ही, की अशा फोनवर पोहोचणाऱ्या पथकाने अंतर आणि आडोसा घेऊन थांबावं. आडोशामागच्या पोलिसाला वेळ मिळतो. ज्याला वेळ मिळतो त्याला हातात खरंच काही आहे का हे पाहायची सवड मिळते. आतल्या माणसाशी एकाच अधिकाऱ्याने बोलावं, बाकीच्यांनी गप्प राहावं. आपण कोण आहोत आणि का आलो आहोत हे सगळ्यांत आधी सांगावं: ‘आम्ही पोलीस आहोत. या घराबद्दल आम्हाला फोन आला आहे. तो खरा आहे की नाही हे आम्हाला पाहायचं आहे.’ हे शेवटचं वाक्य माझा आग्रह समजा. ते ऐकून घरातल्याला परिस्थिती कळते, आणि बोलणाऱ्या पोलिसालाही आपल्याच तोंडून आठवण होते की फोन खोटा असू शकतो. शक्य तिथे माणसाला दारात बोलावण्याआधी घरात फोन करून किंवा लाउडस्पीकरवरून सांगावं की कसं बाहेर यायचं, हात कुठे ठेवायचे. गोळी कोण झाडू शकतो आणि कुणाच्या आदेशाने, हे गाडीतून उतरण्याआधी ठरलेलं असावं.

यावर तुमच्यातले बरेच जण म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही, की आत खरोखरच कुणी ओलीस असेल तर? थांबलो आणि तेवढ्यात त्याने मारलं तर? आत गोळ्यांचा आवाज येत असेल, कुणी किंचाळत असेल, खिडकीत शस्त्र दिसत असेल, तर थांबू नका. ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं असेल. मी बोलतोय ते शांत घराबद्दल, जिथे धोक्याचा एकमेव पुरावा म्हणजे एका अनोळखी आवाजाने सांगितलेली गोष्ट. अशा घरासमोर तुम्ही पोहोचल्यानंतर जे दिसतं ते फोनपेक्षा जास्त खरं माना.

गोळी न सुटताही जीव जातो. एप्रिल २०२० मध्ये टेनेसी राज्यात ६० वर्षांच्या एका माणसाच्या घरी असेच पोलीस आले. त्याचं ट्विटरवरचं नाव काही टोळभैरवांना हवं होतं, त्याने ते द्यायला नकार दिला होता. वेढ्यातच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. त्या कटातल्या एकाला पुढे पाच वर्षांची शिक्षा झाली, तर प्रत्यक्ष फोन करणारा दुसऱ्याच देशातला अल्पवयीन मुलगा होता. तेव्हा रस्त्यावरच्या पोलिसाने सगळं बरोबर केलं तरी धोका उरतोच, आणि त्यासाठी आधीची तयारी लागते. ज्यांना अशा धमक्या येतात, पत्रकार, न्यायाधीश, ऑनलाइन खेळ प्रक्षेपित करणारी मुलं, त्यांना आपला पत्ता पोलिसांकडे आधीच नोंदवता यावा. सिएटलच्या पोलिसांनी २०१८ मध्ये अशी नोंदणी सुरू केली. नोंद आहे म्हणून पोलीस जात नाहीत असं तिथे नाही. ते जातात, फक्त पाहून-सवरून जातात. अमेरिकेच्या एफबीआयने २०२३ मध्ये अशा फोनची देशभरातली माहिती एकत्र करायला सुरुवात केली. ती फार आधी व्हायला हवी होती. एकच आवाज, एकच संहिता वापरून दहा शहरांना फोन जातात आणि प्रत्येक शहराला वाटतं की हे आपल्याकडेच घडतंय.

बॉम्बच्या अफवांबाबत भारतात २०२४ साली जे झालं त्यातूनही शिकण्यासारखं आहे. ऑक्टोबरमध्ये विमान कंपन्यांना दररोज धमक्या येऊ लागल्या. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्या वर्षातल्या अशा धमक्यांचा आकडा ९९९ झाला, असं सरकारने संसदेत सांगितलं. विमानं वळवली गेली, प्रवासी तासन्‌तास अडकले. प्रत्येक धमकीला सारखाच प्रतिसाद देणं अशक्य झालं, तेव्हा ती ठोस आहे की मोघम हे धमक्यांचं मूल्यमापन करणाऱ्या समितीने बारकाईने तपासण्यावर भर आला. धमकी आली की ती कुणी दिली, कशी दिली, तिच्यात नेमकं काय आहे, हे ठरलेल्या निकषांवर पाहायचं आणि मग पाऊल उचलायचं. विमानासाठी जर हे करता येतं, तर एका घरासाठी का नाही?

आता जे पकडले जातात त्यांच्याबद्दल. त्यांतली बरीच कोवळ्या वयाची मुलं असतात, आणि काहींनी याचा धंदा केलेला असतो. कॅलिफोर्नियातल्या एका मुलाने देशभर ३७५ हून अधिक फोन केले, पैसे घेऊन केले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. अशांवर खटले चाललेच पाहिजेत आणि ते गंभीर कलमांखाली चालले पाहिजेत. हा खोडसाळपणा नव्हे, कुणाच्या तरी घरात शस्त्रधारी माणसं घुसवण्याचा प्रयत्न आहे. पण पत्रकार परिषदेत त्याच्या ‘करामती’चं वर्णन करू नका. त्याने कुठलं तंत्र वापरलं, किती गाड्या धावल्या, किती रस्ते बंद झाले, हे ऐकायलाच त्याच्यासारखे दुसरे बसलेले असतात.

आणि चुकून लागलेल्या फोनला या रांगेत उभं करू नका. खिशातला मोबाइल आपोआप फोन लावतो. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये अँड्रॉइडच्या एका सोयीमुळे ९९९ वर अशा फोनचा पूर आला होता. मूल खेळता खेळता बटण दाबतं. अशा वेळी फोन न ठेवता ‘चुकून लागला’ एवढं सांगणाऱ्या माणसाचे आभार मानावेत, त्याला दटावू नये. दटावलेला माणूस पुढच्या वेळी खरंच गरज असताना कचरतो.

शेवटी त्या घराबद्दल, जिथून तुम्ही ‘काही नाही, खोटा फोन होता’ म्हणून निघून येता. तुमच्यासाठी प्रकरण तिथे मिटतं. त्या घरातल्या मुलांनी मात्र आईला अंगणात गुडघ्यांवर बसलेलं पाहिलेलं असतं. दार मोडलेलं असतं. शेजारच्यांनी खिडक्यांतून सगळं पाहिलेलं असतं आणि ‘काहीतरी असेलच’ असं त्यांचं ठरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी गणवेशातला एक अधिकारी तिथे परत गेला पाहिजे. घरच्यांची माफी मागायला, मोडलेल्या दाराची भरपाई कशी मिळेल ते सांगायला, मुलांशी बोलायला, आणि शेजारच्या चार घरी जाऊन या कुटुंबाने काहीही केलेलं नव्हतं हे स्पष्ट सांगायला. संगणकात त्या पत्त्यापुढे ‘सशस्त्र संशयित’ अशी नोंद राहिली असेल तर ती त्याच दिवशी काढून तिथे ‘यापूर्वी खोटा फोन’ असं लिहिलं गेलं पाहिजे. ज्याला एकदा लक्ष्य केलं जातं त्याला पुन्हा केलं जातं. पुढच्या वेळी जाणारं पथक वेगळं असेल, आणि त्याच्यापाशी त्या घराबद्दल तुम्ही लिहून ठेवलेल्या त्या एका ओळीखेरीज काहीच नसेल.

वर्षाअखेरीस प्रत्येक दलाने आपल्याकडे असे किती फोन आले, किती वेळा शस्त्रं रोखली गेली, किती घरी अधिकारी परत गेले, हे जाहीर करावं, एवढीच या पत्रातली शेवटची मागणी. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
आपत्कालीन फोन घेणारा एक माजी कर्मचारी